खरेदीत कॅश देणं नक्की कधी परवडतं?

घोडबंदरी
नवीन फ्लॅटचा ताबा मिळालाय, कासारवडवलीला. त्यामुळे गेले काही शनिवार-रविवार नुसती खरेदी चालू आहे. फ्रिज, एसी, पडदे, सुतार, किचनच्या ट्रॉल्या. जिथे जावं तिथे दर सांगून झाला की पुढचा प्रश्न ठरलेला, "साहेब, कॅश की ऑनलाइन?"
ट्रॉलीवाल्याने २ लाख ४० हजार सांगितले. मी चहा संपवेपर्यंत गप्प बसला आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "कॅश देणार असाल तर २ लाख ५ मध्ये बसवून देतो." जीपे पण नको म्हणाला.
बाबा म्हणतात ३५ हजार वाचतायत, विचार कसला करतोस. बायको म्हणते उद्या काही बिघडलं तर कुणाच्या दारात जाणार. मला एकूणच प्रश्न पडलाय की आजच्या काळात रोख देण्यात खरा फायदा कुठे असतो आणि कुठे आपल्याला उल्लू बनवतात? मोठ्या खरेदीचं पण सांगा आणि रोजच्या किरकोळचं पण. अनुभव येऊ द्या.

पाचपाखाडी
३५ हजारात एक एसी निघतो की राव. द्या कॅश, विषय संपला.

सीए_बाई
पाचपाखाडी, थांबा जरा.
२ लाख ४० मध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असेल तर मूळ किंमत होते साधारण २ लाख ३ हजार ४००. म्हणजे तो माणूस स्वतःच्या खिशातला एक रुपया सोडत नाहीये. सरकारला जायचा टॅक्स तेवढा काढून टाकतोय आणि वर सोळाशे रुपये ठेवून घेतोय.
दुसरं म्हणजे २ लाख ५ हजार रोख तो कायद्याने घेऊच शकत नाही. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यात कलम २६९एसटी आलं. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायची नाही. त्यामुळे "आज एक लाख द्या, परवा एक, उरलेले काम झाल्यावर" ही नेहमीची युक्ती पण चालत नाही, ट्रॉल्यांचं काम हा एकच व्यवहार धरला जातो. दंड घेणाऱ्याला, आणि जेवढी रक्कम घेतली तेवढाच.
देणाऱ्याला तो दंड नाही हे खरं. पण तुमच्या हातात राहणार काय? कच्ची चिठ्ठी, त्यावर "ट्रॉली कं. २०५" एवढंच आणि खाली वाचता न येणारी सही. चॅनल बसले, ड्रॉवर अडकायला लागला, की हीच चिठ्ठी घेऊन फिरायचं.

टिवल्याबावल्या
डिस्काउंट देऊन वर सोळाशे कमावणाऱ्या माणसाला ट्रॉल्या कशाला विकायला लावता, अर्थखातं द्या.

पाचपाखाडी
बरं बाई, पण प्रॅक्टिकल बोला ना. पक्कं बिल असलं तरी वॉरंटीसाठी हेलपाटे घालावेच लागतात. मग ३५ हजार तरी का सोडा? आणि माझा पैसा पांढराच आहे, मी तो बँकेतून काढूनच देणार आहे, मी काय चुकीचं करतोय?

कोपरीचा गल्ला
मी स्वतः दुकानदार, हार्डवेअरमध्ये. आतली गोष्ट सांगतो म्हणजे गिऱ्हाइकाने कुठे ऐकायचं आणि कुठे नाही ते कळेल.
बँक खात्यातून आलेल्या यूपीआयला आम्हाला काही चार्ज पडत नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाला एमडीआर, म्हणजे पेमेंटवर दुकानदाराकडून कापला जाणारा चार्ज, शून्य केलाय. क्रेडिट कार्डाला मात्र दीड-दोन टक्के जातात, आमच्या धंद्यात काही काही मालात मार्जिनच चार-पाच टक्के असतं, म्हणून कुणी कार्ड बाहेर काढलं की आमचं तोंड वाकडं होतं. तेव्हा "कार्ड नको, कॅश द्या नाहीतर जीपे करा, थोडे कमी घेतो" असं म्हणणारा दुकानदार सरळ आहे, त्याचे वाचलेले पैसे तो तुमच्याबरोबर वाटून घेतोय. असा डिस्काउंट बिनधास्त मागा. पण ज्याला कार्ड पण नको आणि जीपे पण नको, त्याला बिल फाडायचं नाहीये. एवढं साधं आहे.
आता आमची पण बाजू ऐका. सगळेच टॅक्स चुकवायला कॅश मागतात असं नाही. कुठल्यातरी फ्रॉडचे पैसे फिरत फिरत आपल्या खात्यात आले की ती रक्कम होल्डवर जाते, कधी अख्खं खातंच. आमच्या लाईनीतल्या एकाचं खातं असंच अडकलं, एका अनोळखी गिऱ्हाइकाने केलेल्या छोट्या पेमेंटमुळे. मालाचे पैसे द्यायचेत, कामगारांचा पगार द्यायचाय, आणि बँकेत उत्तर एकच, "सायबरकडून क्लिअरन्स आणा." तेव्हापासून तो नवीन गिऱ्हाइकाकडून कॅशच घेतो, बिल मात्र देतो.
आणि कॅश म्हणजे फुकट असंही समजू नका. मोजायची, नोट खोटी निघाली तर आपल्याच माथी, करंट खात्यात ठराविक रकमेच्या वर भरायला बँक चार्ज लावते.

खारघर_हिल्स
कोपरीकर, पोस्ट आवडली. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत झालं ते आठवलं. यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि कित्येकांनी क्यूआर काढून "फक्त कॅश"चे कागद चिकटवले. आमच्याकडे सेक्टर १२ मधल्या एका बेकरीवाल्याने पण तेव्हा क्यूआर उलटा करून ठेवला होता, म्हटलं अहो ते कर्नाटकात आहे, तर म्हणे काळजी घेतलेली बरी.

सीए_बाई
@पाचपाखाडी, पैसा तुमचा पांढरा आहे, व्यवहार पांढरा नाही. राहिला हेलपाट्यांचा मुद्दा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा म्हणूनच धरली आहे. बिल असेल तर १९१५ ला फोन लावता येतो, ग्राहक आयोगात जाता येतं. बिल नसताना आयोगासमोर तुम्ही ट्रॉल्या घेतल्या हेच आधी सिद्ध करत बसा.

जुईनगर_पूर्व
मोठ्या वस्तूंबाबत अजून एक. रोख म्हणजे नोटाच असं नाही, एकरकमी पैसे देणं हा पण एक अर्थ आहे आणि तिथे खरी बचत आहे. फ्रिज घ्यायला वाशीत गेलो होतो, सेल्समन नो कॉस्ट ईएमआयच्या मागे लागला. व्याज शून्य म्हणे. मी विचारलं, सगळे पैसे आत्ता दिले तर किती? आधी म्हणाला दर तोच आहे. उठायला लागलो तर मॅनेजरला विचारून आला आणि अडीच हजार कमी झाले.
नो कॉस्टमध्ये व्याज जातंच. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट देऊन ते झाकते, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून. तेव्हा आधी एकरकमी भाव पाडून घ्यायचा आणि पैसे कसे देणार ते शेवटी सांगायचं. मग भले डेबिट कार्डाने द्या.

माई_नौपाडा
तुम्ही सगळे लाखांच्या गोष्टी करताय, मी मेथीच्या जुडीवर येते.
मी अजून जांभळी नाक्याला जाते भाजीला, पिशवीत सुट्टे घेऊन. भाजीवाल्याला जीपे केलं की तो सांगेल तो आकडा दाबायचा, चौऱ्याऐंशी तर चौऱ्याऐंशी. हातात ऐंशी रुपये धरून उभं राहिलं की "द्या मावशी" म्हणतो, वर कोथिंबीर टाकतो. सकाळच्या भवानीला तर नोटच लागते, कपाळाला लावतो तो ती.
दुसरी गोष्ट आमच्या घरकामाच्या मावशींची. सून म्हणाली आई, आता पगार ऑनलाइनच टाकू, हिशोब राहतो. मी मावशींना विचारलं. त्या पदराने हात पुसत म्हणाल्या, खातं माझ्या नावाचं आहे पण फोन मालकाकडे असतो. सांगायचं ते सांगून झालं होतं. मी दर महिन्याला पाकिटात नोटा घालून देते, आणि त्यातले पाचशे त्या माझ्याकडेच ठेवायला देतात. वहीत लिहिते मी.

खारघर_हिल्स
माई, भावना समजते पण थोडं असहमत. रोख दिल्याने पैसा त्यांच्या हातात राहतोच असं नाही, घरी गेल्यावर पाकीट काढून घेणं फोन काढून घेण्याइतकंच सोपं आहे. आमच्या सोसायटीतल्या दोघी-तिघींना आम्ही वेगळं खातं उघडून दिलं, मोबाईल नंबर त्यांच्या मुलीचा दिला. खात्यात पगार दिसतो, बचत होते, उद्या बचतगटाचं कर्ज घ्यायचं तर कागद दाखवता येतो.

माई_नौपाडा
मुलगी कर्तीसवरती असेल तर छानच. यांची मुलगी चौथीत आहे.

भटकी_मांजर
रिक्षाचं कुणीच लिहिलं नाही? १ फेब्रुवारी २०२५ पासून मीटर २६ पासून सुरू. २६! हा आकडा ज्याने ठरवला त्याने आयुष्यात रिक्षावाल्याला पैसे दिले नसणार. तीसची नोट नसते, वीस आणि दहा दिले की चार रुपये परत कधीच येत नाहीत. इथे यूपीआयच बेस्ट, २६ म्हणजे २६.

टिवल्याबावल्या
ठाण्यात मीटरने येणारा रिक्षावाला मिळाला? आधी तो धागा काढा.

भटकी_मांजर
वर्तकनगरला मिळतो कधीकधी. शेअर रिक्षात मात्र सुट्टेच बरे. मागे तिघं, पुढे एक, सगळे उतरताना फोन वर करून नेटवर्क शोधतात आणि मागचा बसवाला हॉर्न मारतो.

जुईनगर_पूर्व
त्यासाठी यूपीआय लाइट चालू करा. पिन लागत नाही, हजारापर्यंत पेमेंट होतं, लाइटमध्ये एकावेळी जास्तीत जास्त ५ हजार ठेवता येतात. शिवाय पासबुकात दहा-दहा रुपयांच्या नोंदींचा कचरा होत नाही.

आजोबा_सानपाडा
हे पासबुकाचं बरं सांगितलंत. माझा नातू माझ्या खात्यावरून चहा-बिस्किटं आणतो. परवा पासबुक भरायला गेलो तर मशीनने पानामागून पान छापलं आणि शेवटी नवीन पासबुक घ्या म्हणाली. पेन्शन कुठे जमा झाली ते भिंगाने शोधावं लागलं.
मी स्वतः महिन्याला ठराविक रक्कम काढतो. दूध, पेपर, भाजी, औषधं, अशी चार पाकिटं. पाकीट संपलं की हात आपोआप आखडतो. फोनमधला पैसा दिसतच नाही हो, मग तो जातो कधी तेही दिसत नाही. आपल्या बँकेच्या एटीएममधून महिन्यात पाच वेळा फुकट निघतात, त्यापुढे मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत लागतात आणि वर टॅक्स. म्हणून एकदाच काढायचे.

पाचपाखाडी
आजोबा, पण मशीन पाचशेच्याच नोटा देते, त्या पाकिटांत कशा बसवता?

आजोबा_सानपाडा
बँकेत जाऊन स्लिप भरतो आणि शंभर-पन्नासच्या मागून घेतो. कॅशियर ओळखतो आता. रांगेत चार लोक भेटतात ते वेगळं.

मार्केट_पहाटे
एपीएमसीचा, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजाराचा अनुभव लिहितो. फळ मार्केटला हापूसच्या सीझनमध्ये पहाटे गेलात तर मोठ्यांचा व्यवहार चिठ्ठीवर आणि उधारीवर चालतो, वर्षानुवर्षांची ओळख. आपल्यासारख्या दोन पेट्यांच्या गिऱ्हाइकाला तिथे कुणी विचारत नाही, कारण घाई असते. अशा वेळी खिशात रोख असली की काम पटकन होतं. तो पेटीचा भाव बोलतो, तुम्ही तुमचा बोलता, नोटा हातात दिसतात, आणि तो हमालाला "उचल रे" म्हणतो. तिथे क्यूआर शोधा, नाव वाचा, "शेठ, आले का बघा", तोपर्यंत पुढचा माणूस पेटी घेऊन जातो. आता बरेच गाळेवाले ऑनलाइन घेतात, पण भाव पाडायला नोटच.
फक्त पेटी उघडून खालचा थर बघितल्याशिवाय नोट सोडू नका. वर सगळे एकसारखे देखणे आणि खाली पेंढ्यात सुपारीएवढे, हे माझ्या डोळ्यांदेखत लोकांच्या गाडीत चढलेलं आहे. पैसे दिले आणि पेटी गेटबाहेर गेली की संपलं.

नेरूळकर_आळशी
इतकं सगळं झालं पण १२ एप्रिल २०२५ विसरले सगळे. शनिवार होता, यूपीआय देशभर बोंबललं होतं. आम्ही मिसळ खाऊन बसलेलो, नाश्ता झालेला, बिल आलेलं, आणि सगळ्या टेबलांवर लोक फोन वर-खाली करतायत. मालक शांतपणे गल्ल्यावर बसून. ज्याच्याकडे कॅश होती त्याने शेजारच्या टेबलचं पण भरलं, ओळख ना पाळख. तेव्हापासून मोबाईलच्या कव्हरमागे पाचशेची घडी असते.

टिवल्याबावल्या
कव्हरमागची नोट बायकोला माहीत आहे का?

नेरूळकर_आळशी
आता झाली असेल. ती पण इथे वाचते.

रोहिणी_नक्षत्र
धाग्याचा विषय सोडून विचारते, कुणी रिसेल फ्लॅट घेतलाय का? ऐरोलीला बघतोय, मालक १२ लाख रोख मागतोय, ॲग्रीमेंट त्याने कमी किमतीचं होईल म्हणे. एजंट म्हणतो सगळे असंच करतात.

सीए_बाई
नका करू. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घ्यायला मनाई आहे, आणि हे दोन लाखांच्या नियमापेक्षा वेगळं कलम आहे. ते बाजूला ठेवा, तुमचाच तोटा बघा. लोन ॲग्रीमेंटच्या किमतीवर मिळणार, म्हणजे ते १२ लाख तुम्ही खिशातून उभे करणार. उद्या फ्लॅट विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत कागदावर १२ लाखांनी कमी, म्हणजे नफा तेवढा जास्त दिसणार आणि मालकाने चुकवलेला कर तुम्ही भरणार. आणि व्यवहार मोडला तर ते १२ लाख दिले होते हे कुठल्या कोर्टात सांगणार आहात?
हातासरशी बाकीचं पण लिहून टाकते. मेडिक्लेमचा हप्ता रोख भरला तर त्याची आयकरात वजावट नाही (हेल्थ चेकअपला ५ हजारांपर्यंत चालते). देणगी २ हजारांच्या वर रोख दिली तर तिचीही वजावट नाही. अर्थात दोन्ही जुन्या टॅक्स रेजीमवाल्यांसाठी. जुनं सोनं मोडायला गेलात तर सराफ १० हजारांच्या वर रोख द्यायला का-कू करतो, कारण तेवढा रोख खर्च त्याला धंद्यात धरता येत नाही.

रोहिणी_नक्षत्र
खूप आभार. एजंटला सांगितलं की पूर्ण पांढरं असेल तरच बोलू. फोन उचलत नाहीये आता :)

घोडबंदरी
बापरे, केवढा वाढला धागा. सगळ्यांना धन्यवाद, विशेषतः सीए बाई आणि कोपरीकर.
ट्रॉलीवाल्याकडे परत गेलो. सरळ म्हटलं, शेठ, पक्कं बिल पाहिजे, पैसे बँकेतून, भाव कुठवर येईल? तो म्हणाला मग २ लाख ४०. मी सोळाशेचं गणित त्याच्यासमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. हसला, "साहेब तुम्ही पण ना". मग वागळे इस्टेटला दुसऱ्याकडे गेलो, तोच माल, तीच कंपनी चॅनलची, बिलासकट २ लाख २२. चाळीस टक्के ॲडव्हान्स एनईएफटी केला, बाकी काम बघून.
बाबा अजून धुसफुसतायत की २ लाख ५ च्या वर १७ हजार दिले.
पडद्यांना मात्र कॅश दिली. गोखले रोडवरच्या दुकानात कापड बघितलं, बिल मिळालं, आणि शिलाईवाले काका वेगळे, ते घरी येऊन माप घेऊन गेले. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. निम्मे आधी, निम्मे पडदे टांगल्यावर. त्यांच्याशी घासाघीस केली नाही.

पाचपाखाडी
१७ हजारात अर्धा एसी निघतो.

टिवल्याबावल्या
पाचपाखाडींचा एसी काही केल्या बसत नाहीये, वर्गणी काढूया का?

मार्केट_पहाटे
मी तर म्हणतो पहिल्या ट्रॉलीवाल्याला दोन लाख पाच हजार द्यायचेच होते, एक-एक रुपयाच्या नाण्यांत.

सीए_बाई
तेही जमणार नाही, एक रुपया आणि वरची नाणी १ हजार रुपयांपर्यंतच घेण्याचं बंधन आहे, नाणे कायदा २०११. मला जरा हसू द्या आता.

कळवा_ब्रिज
वरचं सगळं वाचलं नाही, पण आमच्याकडे डिसेंबरमध्ये लग्न आहे. हॉलवाला ऑनलाइन घेतो, केटरर म्हणतो साडेतीन लाख, हळद, लग्न आणि रिसेप्शनचे तीन भाग करून कॅश द्या म्हणजे प्रत्येक दोन लाखांच्या आत. हे चालतं ना?

खारघर_हिल्स
वरचं सगळं वाचा.

सीए_बाई
"एकाच प्रसंगासाठी" हे शब्द याच करामतीसाठी घातलेत हो. हळदीचं आणि रिसेप्शनचं जेवण वेगळं असलं तरी लग्न एकच. चेक द्या किंवा ट्रान्सफर करा. फुलवाला, सनईवाले, आचाऱ्याच्या हाताखालचे लोक, पूजेची दक्षिणा, त्यांच्यासाठी रोख काढून ठेवा आणि ती एकाच विश्वासू माणसाच्या ताब्यात द्या, शक्यतो जो त्या दिवशी फोटोंत नसेल असा. आमच्याकडे धाकट्या काकांकडे असते, शबनम पिशवीत, आणि ते जेवायला सुद्धा पिशवी मांडीवर घेऊन बसतात.

कळवा_ब्रिज
बरं. आणि आहेर? पाकिटं घ्यायची की नाही यावर घरात वाद चालू आहे. भाऊ म्हणतो स्टेजपाशी क्यूआर ठेवू.

माई_नौपाडा
अगं बाई, काहीतरीच.

आजोबा_सानपाडा
आमच्या पुतणीच्या लग्नात होता. हाराच्या टेबलावर, गणपतीच्या फोटोशेजारी. प्रत्येक आहेराला पैसे आले की बोलणारा तो क्यूआरचा डबा माईकवर ओरडायचा, पाचशे एक रुपये प्राप्त झाले. मंगलाष्टकं चालू असताना कुणीतरी घाईत एकावन्न रुपये पाठवले, सगळा हॉल मागे वळून बघायला लागला.

टिवल्याबावल्या
म्हणूनच पाकीट बंद असतं, आजोबा.